खोडलेली आकृती

रविवारी दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. पार्ल्यातलं आमचं घर रस्त्याला लागून आहे, पण जेवणं आटपल्यावरच्या त्या तासाभरात रिक्षांचे हॉर्नसुद्धा मंदावतात. ती एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, क्वांटम फील्ड थिअरीचा पेपर घेतलाय. वही उघडून भराभर फाइनमन आकृत्या, म्हणजे कणांच्या हिशेबातलं एकेक पद दाखवणारी रेघांची चित्रं, काढत होती. एक सरळ रेघ, आणि तिच्या शेजारी, तिला कुठेही न चिकटलेला, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फुगा. काढून झाल्या झाल्या तिने त्यावर पेन्सिलीने तिरकी काट मारली. मी विचारलं, "अगं, ही का खोडलीस?" म्हणाली, "डिसकनेक्टेड आहे ना मॅडम. ती घ्यायची नसते." मग पेन्सिल तशीच हातात धरून जरा थांबली. "पण मॅडम, मोजताना ती येते तर खरी. मग जाते कुठे?" मी तिला भागाकार करून दाखवला. तिला तो पटला, चहा घेऊन ती गेली. वहीतली ती काट मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

सोमवारी सकाळी चर्चगेट लोकलमध्ये लेडीज डब्यात दाराजवळ उभी होते. बांद्र्याला आणखी बायका चढल्या आणि पर्स छातीशी धरून उभं राहण्यापुरतीच जागा उरली. अशा वेळी कागद लागत नाही तेवढाच हिशेब करता येतो, आणि हा हिशेब तसा आहे. एकच क्षेत्र घ्यायचं, म्हणजे प्रत्येक बिंदूला किंमत असलेली राशी; तिचं नाव फाय. त्याचा स्वतःशीच होणारा व्यवहार फायच्या चौथ्या घाताचा, लॅम्डा भागिले 24 एवढ्या जोराचा. दोन बिंदूंमधला संबंध काढायचा आहे, आणि लॅम्डाच्या पहिल्याच पायरीपर्यंत, म्हणजे लॅम्डा एकदाच येतो त्या पदांपर्यंत, जायचं आहे. हातात सहा फाय येतात: बाहेरच्या बिंदूंचे दोन, आणि व्हर्टेक्सवरचे, म्हणजे व्यवहार होतो त्या एका बिंदूवरचे, चार. त्यांच्या जोड्या लावायच्या. पहिल्याला जोडीदार निवडायला पाच पर्याय, उरलेल्या चारांतल्या पहिल्याला तीन, मग शेवटच्या दोघांना एकच. पाच त्रिक पंधरा. या 15 पैकी 12 जोडण्यांत बाहेरचे दोन्ही बिंदू व्हर्टेक्सला येऊन मिळतात आणि उरलेल्या दोन टोकांचं एक वेटोळं होतं. बाकीच्या 3 जोडण्यांत बाहेरचे दोघे थेट एकमेकांना जोडले जातात आणि व्हर्टेक्सचे चौघे आपसातच मिटतात. हीच ती खोडलेली आकृती. 12 भागिले 24 म्हणजे अर्धा, 3 भागिले 24 म्हणजे एक अष्टमांश. हिशेबात तिला जागा आहे. तिच्या नावावर तिचा अपूर्णांकही आहे.

आणि रविवारचा भागाकार असा. अंशात तीन पदं: नुसती रेघ, अर्धं वेटोळं, आणि एक अष्टमांश फुग्याने गुणलेली रेघ. छेदात बाहेरचा एकही बिंदू न घेता केलेली तीच बेरीज, म्हणजे एक अधिक एक अष्टमांश फुगा. अधिक-उण्याची चिन्हं बाजूला ठेवते, ती दोन्हीकडे सारखीच आहेत. पहिल्या पायरीपर्यंत भागून पाहा, फुगा जातो; रेघ आणि अर्धं वेटोळं उरतं. पाठ्यपुस्तकं या जागी समाधानाने पुढे सरकतात. मीही वर्गात इथून पुढे सरकत आले आहे.

पण भागून गेलेली गोष्ट मुळात काय होती, हे भागाकार सांगत नाही.

या विषयाशी माझी पहिली गाठ मुंबई विद्यापीठात, कलिनाला पडली. जुलै महिना, सांताक्रूझ स्टेशनवरून बसने येताना ओली झालेली सलवार, वर्गात छत्र्यांचं पाणी एका कोपऱ्याकडे वाहत चाललेलं. पावसाळ्यात खडू दमट होतो, फळ्यावर उमटत नाही. सर एकच अक्षर दोन-तीनदा गिरवायचे. त्या दिवशी त्यांनी गिरवलेलं अक्षर होतं झेड, आणि त्याच्या चौकोनी कंसात जे. क्षेत्राची समीकरणं ज्या राशीतून निघतात त्या लॅग्रान्जियनमध्ये त्यांनी एक जास्तीचं पद घातलं: जे गुणिले फाय. हा सोर्स. विद्युतचुंबकत्वात प्रवाह आणि पोटेन्शियल असेच गुणाकारात येतात, त्यामुळे रूप ओळखीचं होतं. नवीन होतं ते स्वातंत्र्य. हा जे अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला, प्रत्येक क्षणी वेगळा असू शकतो, आणि तो कसा असावा हे आपण ठरवायचं. झेड म्हणजे काय? सुरुवातीला पोकळी होती, मधल्या काळात जेने क्षेत्राला हवं तसं ढवळलं, आणि शेवटी पुन्हा पोकळीच मिळाली, याचा अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे जिच्या वर्गावरून शक्यता निघते ती संख्या. मग या झेडचं एखाद्या बिंदूवरच्या जेच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, म्हणजे तिथला जे किंचित बदलला तर झेड किती बदलतो ते काढायचं. एकदा घेतलं की त्या बिंदूवरचा फाय खाली उतरतो. दोन ठिकाणी घेतलं की दोन बिंदूंमधला संबंध मिळतो, चार ठिकाणी घेतलं की चार पाय असलेल्या सगळ्या आकृत्या एकदम हाती येतात. अनंत प्रश्नांची उत्तरं एकाच वस्तूत भरलेली, आणि ती बाहेर काढायला एकच क्रिया. मला त्या दिवशी खरोखर धडधडलं होतं.

फळ्याच्या अगदी तळाशी सरांनी लिहिलं, "शेवटी जे = 0", आणि खाली रेघ ओढली.

ती ओळ मला खटकली होती. उत्तरात कुठेच उरणार नाही अशी गोष्ट प्रश्नात घालायची, तिच्या जोरावर सगळं मिळवायचं आणि मग तिला शून्य करायचं, यात काहीतरी हिशेब बाकी राहतोय असं वाटायचं. युक्ती म्हणून चालेल, पण हे निसर्गाबद्दल काही सांगतं का? पुढे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन श्विंगर यांच्याबद्दल वाचलं तेव्हा कळलं की त्यांच्या लेखी ही युक्ती नव्हतीच. सोर्सची ही भाषा त्यांनी 1951 साली क्वांटम क्षेत्रांच्या ग्रीन फंक्शनांवर, म्हणजे बिंदूंमधल्या याच संबंधांवर, लिहिलेल्या दोन छोट्या लेखांत मांडली. त्याच्या थोडं आधी फाइनमन चित्रं काढत होते, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत असं भल्याभल्यांना वाटत होतं. त्या वाटा एकच आहेत हे डायसन यांनी 1949 मध्ये दाखवून दिलं. 1965 चं नोबेल फाइनमन, श्विंगर आणि तोमोनागा या तिघांना मिळालं. त्यानंतर सगळं जग फाइनमनच्या चित्रांमागे गेलं. श्विंगर मात्र 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सोर्सलाच पायाचा दगड मानून पूर्ण सिद्धांत नव्याने उभारत राहिले. त्यांचं म्हणणं मला फार प्रामाणिक वाटतं. कण आपल्याला कळतो कसा? कुठेतरी एका टकरीत तो तयार होतो आणि कुठेतरी एका उपकरणात तो पकडला जातो. तयार होणं आणि पकडलं जाणं, दोन्हींचं सार म्हणजे सोर्स. प्रयोगशाळेत जे घडतं त्याचंच ते वर्णन आहे. जेला शून्य करणं म्हणजे उपकरणं बंद करून क्षेत्राला एकटं सोडणं, एवढाच त्याचा अर्थ.

आता सुट्या तुकड्यांकडे येते, कारण त्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिथला होता. माझं आजोळ गिरगावात. अनंत चतुर्दशीला आम्ही मुलं चाळीच्या सज्जाला टेकून दुपारपासून रात्रीपर्यंत चौपाटीकडे जाणारी गर्दी बघायचो. गुलालाने रस्ता लाल, ताशाचा आवाज छातीत आपटायचा, घामाचा, फुलांचा आणि उदबत्तीचा एकत्र वास. वरून ती एकच गर्दी दिसते. पण जरा वेळ बघत राहिलं की टोळ्या दिसायला लागतात. हात धरून चाललेलं एक कुटुंब, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली चार पोरं, मूर्तीभोवती कडं केलेली मंडळाची माणसं, कुठे एकटाच चाललेला म्हातारा. टोळीच्या आत प्रत्येक जण कुणाला तरी धरून आहे. दोन टोळ्यांमध्ये काही नातं नाही, रस्ता एक आहे इतकंच. गर्दीचं पूर्ण वर्णन करायचं तर कोणत्या प्रकारच्या टोळ्या किती, एवढं सांगितलं की झालं. आणि हुबेहूब सारख्या तीन टोळ्या असल्या तर त्यांची आपसात अदलाबदल करून नवी गर्दी होत नाही, म्हणून तीनच्या फॅक्टोरियलने, सहाने भागायचं. एक टोळी; दोन, भागिले दोन; तीन, भागिले सहा; चार, भागिले चोवीस. ही मालिका बारावीच्या मुलांनाही पाठ असते. ती एक्स्पोनेन्शियलची मालिका आहे. शक्य तेवढ्या सगळ्या गर्द्यांची बेरीज म्हणजे शक्य तेवढ्या सगळ्या टोळ्यांच्या बेरजेचं एक्स्पोनेन्शियल.

झेड म्हणजे त्या सगळ्या गर्द्या. त्याच्या आत टोळ्यांची जी बेरीज आहे तिला डब्ल्यू म्हणतात, आणि ती फक्त कनेक्टेड आकृत्यांची बनलेली असते. झेड हे डब्ल्यूचं एक्स्पोनेन्शियल, म्हणून उलट जायचं तर डब्ल्यू म्हणजे झेडचा लॉग.

फाइनमननी 1949 च्या पॉझिट्रॉनवरच्या (इलेक्ट्रॉनच्या धन भाराच्या जुळ्यावरच्या) लेखात पोकळीतल्या बंद वेटोळ्यांसाठी हाच युक्तिवाद केला होता: वेटोळी एक असोत, दोन असोत की कितीही, ती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, क्रमाने भागा, एक्स्पोनेन्शियल मिळेल. शब्दांत हे पटतं, पण मला आकड्यात पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून दुसरी पायरी. दोन व्हर्टेक्स, बाहेरचा बिंदू एकही नाही. आठ फाय, त्यांच्या जोड्या सात गुणिले पाच गुणिले तीन, म्हणजे 105. यांपैकी 24 जोडण्यांत एका व्हर्टेक्सचे चारही पाय दुसऱ्याच्या चार पायांना जुळतात. 72 मध्ये दोन पाय पलीकडे जातात आणि दोन्ही बाजूंना एकेक वेटोळं राहतं. उरलेल्या 9 मध्ये पहिला व्हर्टेक्स स्वतःतच मिटतो, दुसराही स्वतःतच. तीन त्रिक नऊ. 24 आणि 72 आणि 9, बरोबर 105. आता या नवांचा वाटा काढा. दोन व्हर्टेक्समुळे 24 गुणिले 24, आणि व्हर्टेक्सची अदलाबदल होते म्हणून आणखी दोनने, भाजक 1152. 9 भागिले 1152 म्हणजे एकशे अठ्ठाविसांश. आणि एका फुग्याचा वाटा एक अष्टमांश होता. त्याचा वर्ग चौसष्टांश, त्याचा अर्धा एकशे अठ्ठाविसांश. जुळतं! दोन सुट्या फुग्यांच्या आकृतीत एका फुग्यापेक्षा नवीन असं काहीच नाही. ती एका फुग्यावरून पूर्णपणे लिहिता येते. हे जुळलं तेव्हा गाडी मुंबई सेंट्रलला उभी होती आणि माझ्या शेजारची बाई मला विचारत होती, "उतरताय का?"

म्हणजे विद्यार्थिनीने खोडलेली आकृती डब्ल्यूमध्ये दिसत नाही ती ती खोटी असते म्हणून नाही. तिच्यात असलेलं सगळं आधीच सांगून झालेलं असतं. लॉग घेण्याचा अर्थ हाच: स्वतंत्र गोष्टींच्या शक्यता गुणाकारात येतात, लॉग त्या गुणाकाराची बेरीज करतो, आणि बेरजेत प्रत्येक तुकडा एकदाच उरतो. पुन्हा एक्स्पोनेन्शियल घेतलं की खोडलेल्या सगळ्या आकृत्या त्यांच्या अचूक अपूर्णांकांसकट परत येतात. एकही हरवत नाही.

इथे एक भेद करायला हवा, कारण "डिसकनेक्टेड" हा एकच शब्द मुलं दोन गोष्टींसाठी वापरतात आणि मग गोंधळतात. रविवारी वहीत होता तो बाहेरचा पाय नसलेला फुगा. तो झेडला शून्य सोर्सच्या झेडने भागलं की जातो. दुसरी जात आहे बाहेरच्या पायांच्याच वेगवेगळ्या गटांत तुटलेल्या आकृत्यांची, आणि त्या नुसत्या भागाकाराने जात नाहीत. चार बिंदू घ्या आणि लॅम्डा शून्य करा, म्हणजे कुणाचा कुणाशी व्यवहारच नाही. तरी चार बिंदूंमधला संबंध शून्य येत नाही! दोन-दोनच्या जोड्या तीन प्रकारे लागतात, तीन पदं येतात. चार टोकांची काहीतरी गुंतागुंत आहे असं दिसतं, प्रत्यक्षात फक्त दोन-दोनच्या ओळखी आहेत. लॉग ही तीन पदं बरोबर वजा करतो आणि मोकळ्या क्षेत्रासाठी शून्य देतो. लॅम्डा असेल तर जे उरतं ते चार पायांचा एकच व्हर्टेक्स. त्याच्या जोडण्या 24, भागिले 24, बरोबर एक. चौघांमध्ये खरंच काहीतरी घडलं, याची ती पहिली बातमी. प्रयोगाच्या बाजूनेही हे रास्त आहे. तुटलेल्या आकृतीच्या प्रत्येक कनेक्टेड तुकड्यात ऊर्जा आणि संवेग आपापले जपले जातात. जिनिव्हाच्या यंत्रात एक टक्कर झाली आणि त्याच क्षणी कुलाब्यातल्या प्रयोगशाळेत दुसरी, तर दोन्हींची मिळून एक आकृती काढता येते, पण तिच्यातून जिनिव्हाबद्दल वेगळं काही कळत नाही.

ही कल्पना क्षेत्र सिद्धांताहून जुनी आहे, आणि मला तिचा हा प्रवास फार आवडतो. डेन्मार्कमध्ये विम्याचं गणित करणारे आणि तारेही पाहणारे थिएले यांनी 1889 मध्ये संख्याशास्त्रात अशी राशी मांडली की दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र केल्या तर ती नुसती बेरजेने वाढावी. ते वेगळ्या रूपातलं लॉगच होतं. 1927 मध्ये अर्सेल आणि 1937 मध्ये मायर यांनी वायूंसाठी रेणूंचे पुंजके मोजले, तिथेही हेच. आणि 1950 च्या दशकात अणुकेंद्राच्या हिशेबात तर यावाचून गाडं अडलं होतं. कणांची संख्या दुप्पट केली तर ऊर्जाही साधारण दुप्पट व्हावी, पण नेहमीच्या पद्धतीने पायऱ्या चढत गेलं की संख्येच्या वर्गाने वाढणारी पदं येत होती. ब्रुक्नर यांना 1955 मध्ये दिसलं की सुरुवातीच्या पायऱ्यांवर ही पदं एकमेकांना मारतात. गोल्डस्टोन यांनी 1957 मध्ये आकृत्यांच्या भाषेत सिद्ध केलं की प्रत्येक पायरीवर तसंच होतं, उरतात त्या फक्त जोडलेल्या आकृत्या. वर्गाने वाढणारी ती सगळी पदं सुट्या तुकड्यांची होती.

कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कॉलेजच्या दिवसांत सार्वजनिक व्याख्यानं ऐकायला जायचे. आर. सी. चर्चच्या पुढे गेलं की शहराचा आवाजच बदलतो. नौदलाची वसाहत, झाडं, मग एकदम समुद्र. आत शिरल्यावर हुसेन यांचं ते भलंमोठं भित्तिचित्र. संस्था 1945 मध्ये बंगळूरला सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली, नंतर गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात, आणि कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन 1962 मध्ये नेहरूंच्या हस्ते झालं. व्याख्यान संपल्यावर हिरवळीच्या कडेने समुद्राकडे जाऊन उभी राहायचे आणि आतलं किती समजलं याची उजळणी करायचे. होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या विकिरणाचं जे गणित केलं, ते 1936 मध्ये प्रसिद्ध झालं. फाइनमनच्या चित्रांच्या तेरा वर्षं आधी. आज ते आपण दोन आकृत्यांत शिकवतो: दोघांनी एक फोटॉन देवघेव करायचा, किंवा दोघांनी एकमेकांत विरून फोटॉन व्हायचं आणि त्यातून पुन्हा नवी जोडी निघायची. दोन्ही कनेक्टेड, आणि दोन्हींचा एकमेकांवर परिणाम. भाभांनी चित्राशिवाय, इलेक्ट्रॉनसाठीच्या डिराकच्या समीकरणावरून, ओळीमागून ओळ लिहीत ते काढलं. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या यंत्रांत टकरी किती झाल्या हे मोजायला आजही हीच प्रक्रिया मापदंड म्हणून वापरतात.

आणि सोर्सचं खरं बळ मला याच वळणावर कळलं होतं. डब्ल्यूमध्ये दोन स्थिर सोर्स ठेवा, एक इथे, एक जरा अंतरावर, आणि त्यांच्यामधली सर्वांत साधी कनेक्टेड आकृती घ्या, म्हणजे नुसती एक रेघ. त्या रेघेतून ऊर्जा निघते, ती ऋण असते, आणि अंतर वाढेल तशी एक्स्पोनेन्शियलने झपाट्याने विझते. ऋण म्हणजे आकर्षण. हे जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावा यांचं बल. 1935 मध्ये त्यांनी अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या बलाचा पल्ला धरून तो वाहून नेणाऱ्या कणाचं वस्तुमान किती असावं हे सांगितलं. 1947 मध्ये वैश्विक किरणांत तो कण, पायॉन, सापडला. त्याचं वस्तुमान, कणांसाठी वापरतात त्या ऊर्जेच्या एककात, साधारण 140 एमईव्ही, त्यावरून पल्ला निघतो सुमारे 1.4 फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मीटर भागिले 10 चा 15 वा घात), अणुकेंद्रातल्या शेजाऱ्यापर्यंत पोचेल एवढाच. सोर्स शून्य करायच्या आधी त्यांना नुसतं शेजारी ठेवलं तर ते एकमेकांना ओढतात. मग त्यांना हिशेबापुरतं म्हणणं मला जड जातं.

तरी एक अस्वस्थता राहतेच, आणि ती रविवारच्या त्या फुग्याबद्दल आहे. बाहेरचा पाय नसलेल्या कनेक्टेड फुग्यांची सगळी बेरीज, शून्य सोर्सच्या झेडचा लॉग, ही अवकाशाच्या आकारमानाच्या आणि काळाच्या प्रमाणात वाढते. प्रत्येक घनमीटरमागे तिचा ठरावीक वाटा आहे. तीच पोकळीची ऊर्जा. टकरींच्या हिशेबात ती भागून जाते, कारण तिथे फक्त फरक मोजले जातात. पण फरकसुद्धा जाणवतो: कॅसिमिर यांनी 1948 मध्ये दाखवलं की दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या तर त्यांच्यामधली पोकळी बाहेरच्या पोकळीहून वेगळी होते आणि पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. आणि गुरुत्वाकर्षण तर फरकावर थांबत नाही, त्याला एकूण ऊर्जा लागते. 1998 मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, म्हणजे पोकळीला थोडीशी ऊर्जा असल्यासारखं विश्व वागतंय. आपला भाबडा हिशेब जी ऊर्जा सांगतो ती, हिशेब कुठे तोडला त्यावर अवलंबून, प्रत्यक्षापेक्षा 10 च्या 120 व्या घाताइतकी मोठी निघते. सगळ्या पदार्थविज्ञानात इतकी मोठी तफावत मला दुसरी माहीत नाही. पेन्सिलीची ती काट कलिनाच्या पेपरात बरोबर आहे, पूर्ण गुण मिळतील. विश्वाच्या हिशेबात ती कशी मारायची हे अजून कुणाला जमलेलं नाही.

सोर्सच्या बाबतीतही असंच एक टोक आहे, आणि मी ते हल्ली वर्गात आवर्जून सांगते. लोखंड 770 अंश सेल्सियसच्या खाली थंड होत असताना त्याला हलकंसं चुंबकीय क्षेत्र लावायचं. हे क्षेत्र म्हणजे जेच. मग ते हळूहळू काढून घ्यायचं. जे शून्य झाला, तरी लोखंड चुंबक होऊन राहतं. त्याने एक दिशा निवडलेली असते. समीकरणांत मात्र वर आणि खाली या दोन्ही दिशा सारख्याच आहेत. दोन्ही दिशांची सरासरी घेऊन गणित केलं तर एक विचित्र गोष्ट दिसते: कितीही दूरचे दोन बिंदू घेतले तरी त्यांचा कनेक्टेड संबंध विझतच नाही. इथली अणूची चुंबकसूची वर असली की तिथलीही वर, इथली खाली तर तिथलीही खाली, जणू अनंत अंतरावरून दोघं एकमेकांना बघतात. तसं काही नसतं. आपण दोन वेगळी जगं एका सरासरीत मिसळलेली असतात. सोर्सने एक जग निवडलं की सरासरी मॅग्नेटायझेशनचा, म्हणजे चुंबकत्वाच्या मात्रेचा, वर्ग वजा होतो आणि दूरचे बिंदू एकमेकांपासून पुन्हा मोकळे होतात.

पण हे घडायला क्रम पाळावा लागतो. म्हणून फळ्याच्या तळाशी "शेवटी जे = 0" लिहिलं की त्याच्या पुढे मी आणखी एक अट लिहिते: आधी आकारमान अनंत, मग जे शून्य. उलट्या क्रमाने केलं तर मॅग्नेटायझेशन शून्य येतं.